दोनदा हाक मारलेलं बी

बातमी आली तेव्हा माझ्या ओठावर अर्धीच मिशी होती. सांगलीत आमच्या हौशी मंडळाची रंगीत तालीम लागायची होती, मी खलनायक होतो (मला नेहमी खलनायकच देतात, आवाजामुळे, असं मी म्हणतो, चेहऱ्यामुळे, असं बायको म्हणते), आणि डिंक लावून डावी बाजू तेवढी चिकटवून झाली होती. तेवढ्यात समोरचा एसटीडी बूथवाला रस्ता ओलांडून आला. "साताऱ्याहून फोन होता तुमचा. सुजाता म्हणून कोणी... आई गेल्या म्हणाल्या. गावाकडं आणतायत." मी उजवी मिशी हातात धरून तसाच उभा राहिलो. मग चप्पल घातली आणि इस्लामपूरची गाडी पकडली. शेजारचा माणूस आष्ट्यापर्यंत माझ्याकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, माझ्या चेहऱ्यावरचं दुःख बघतोय बिचारा. अनुसाबाईंच्या घरी पोचलो, तर रडून डोळे सुजलेली त्यांची मुलगी सुजाता दारात आली, माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. "काका, मिशी..." म्हणाली. मग आम्ही दोघंही रडलो. सुजाताने नंतर सांगितलं, "आई असती तर म्हणाली असती, ह्यो मानूस कुठलंच काम पुरं करत न्हाई."

अनुसाबाई खरंच तसं म्हणाल्या असत्या. गेली सात वर्षं त्या मला हेच म्हणत आल्या होत्या.

त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या रोपवाटिकेत त्या रोजंदारीवर होत्या आणि मी त्यांचा साहेब होतो. साहेब कसा झालो, तेही सांगतो. कारखान्याच्या वार्षिक सभेत मी ध्वनिक्षेपकावर निवेदन केलं होतं. चेअरमन माझ्या आवाजावर खूश झाले आणि शेजारच्याला म्हणाले, "ह्याला कुठंतरी चिकटवा." त्या वेळी एकच खुर्ची रिकामी होती, ती रोपवाटिकेत, आणि तिचाही एक पाय मोडका होता. माझं शिक्षण इतिहासाचं. वनस्पतींपैकी कोथिंबीर आणि गाजरगवत एवढंच मी खात्रीने ओळखायचो, आणि कोथिंबिरीबद्दलही कधीकधी शंका यायची. वर्षभर कच्ची नोकरी, काम पटलं तर कायम. त्याआधीच्या पाच नोकऱ्या मला पटल्या नव्हत्या किंवा त्यांना मी. ही सहावी गेली असती तर सासरेबुवांच्या सांगलीतल्या हळदीच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं. सासरे भले माणूस होते, पण त्यांच्या दुकानात शिरलेला माणूस आठवड्यात आतून-बाहेरून पिवळा होतो आणि पुढे आयुष्यभर खालच्या आवाजात बोलतो. माझ्या दोन्ही मुलींसमोर मला तसं व्हायचं नव्हतं. तेव्हा ही नोकरी टिकणं माझ्यासाठी जीवनमरणाचं होतं, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे मी जे करायला निघालो होतो त्याची सबब म्हणून नव्हे, खुलासा म्हणून.

चेअरमनना कारखान्याच्या फाटकापासून कालव्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बहावा हवा होता. उन्हाळ्यात पिवळे घोस लोंबतात, तो बहावा. चार हजार पिशव्या भरून तयार होत्या. बी आणलं धोंडीबाने. हा वाईच्या वरच्या डोंगरातला म्हातारा, रानातलं बी गोळा करून रोपवाटिकांना पुरवायचा, वर्षातले चार महिने त्याच्यावरच जगायचा. बहाव्याच्या हातभर लांब काळ्या शेंगा फोडायच्या, आतला चिकट गर धुऊन काढायचा, की चिंचोक्याच्या धाकट्या भावंडांसारखं तपकिरी, तुकतुकीत बी हाती लागतं. असं एक बी मी दाताखाली धरून बघितलं. दातच हलला. या कवचाचं काय करायचं, ते एका माहितीपत्रकात होतं. बियाण्यास उकळत्या पाण्याची प्रक्रिया द्यावी, असं पहिल्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं. पान उलटायचं मला सुचलं नाही. मागच्या पानावर काय होतं ते मी दोन महिन्यांनी वाचलं... पाणी उकळावे, चुलीवरून उतरवावे, मग त्यात बी टाकून रात्रभर तसेच ठेवावे.

मी इतिहासाचा माणूस. मला सगळं भव्य लागतं. शेजारच्या शेतात गुऱ्हाळ चालू होतं. मी तिथली काहील मागितली. ज्यांनी काहील बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ज्या अवाढव्य कढईत उसाचा रस आटवून गूळ करतात ती. तिच्यात पाणी भरलं, खाली चिपाडं पेटवली, बी ओतायला सांगितलं, आणि शेजारच्या बांधावर उभा राहून विज्ञान आणि शेती या विषयावर बायांपुढे बोललो. अर्धा तास. बीही तितका वेळ रटरटत होतं. वास झकास सुटला होता. अनुसाबाई, पन्नाशीच्या, काटक, कपाळ मोकळं, हातात उलथन्यासारखं लाकूड घेऊन ढवळत होत्या. माझं भाषण संपल्यावर त्यांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं, "साहेब, फोडनी देऊ का?"

मला तो तांत्रिक प्रश्न वाटला. मी तितक्याच गंभीरपणे म्हणालो, "नको."

पेरणी झाली. आठ दिवस गेले, पंधरा गेले. रोपं आली नाहीत, मुंग्या आल्या. काहिलीच्या कडांना चिकटलेला गूळ बियांना लागला होता, त्यामुळे पंचक्रोशीतल्या मुंग्या चार हजार पिशव्यांवर रांगा लावून जेवायला बसल्या. मी एक पिशवी उकरली. बी चिमटीत धरलं तर त्याचं पुरण झालं. आणि त्याच दिवशी निरोप आला की तीन आठवड्यांनी चेअरमन रोपवाटिका बघायला येणार.

आता इथून पुढचं लिहिताना हात अडतो, पण लिहितो. मी टेबलाशी बसलो आणि माझ्या सुंदर अक्षरात अहवाल लिहिला. बियाणे मुळातच जुने व निकस होते. पुरवठादार धोंडीबा याने कारखान्याची फसवणूक केली असून यापुढे त्याजकडून खरेदी करू नये. खाली माझी सही. त्याच्या खाली 'साक्षीदार' असं लिहून एक रेघ मोकळी ठेवली. अनुसाबाईंना सही येत होती. सुजाता शाळेत जायला लागली तेव्हा तिच्याच पाटीवर त्या शिकल्या होत्या. मी त्यांना बोलावलं, अहवाल वाचून दाखवला. नाटकवाला असल्यामुळे चेअरमनपुढे काय बोलायचं तेही बसवून देऊ लागलो. "तुम्ही फक्त म्हणायचं, बी हातात घेतलं तेव्हाच पोकळ लागत होतं. म्हणा बघू."

"न्हाई म्हननार."

"अहो, एकच वाक्य आहे."

"आवं, रोज सकाळी बुद्धापुढं हात जोडून म्हनते मी, खोटं बोलनार न्हाई म्हून. तुमच्यासाठी दुपारी इसरू व्हय?"

मी नोकरीचं सांगितलं. मुलींचं सांगितलं. हळदीच्या दुकानाचं तर मी इतकं करुण वर्णन केलं की माझेच डोळे पाणावले. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बरं, मी न्हाई. तुमी म्हना. धोंडीबाचं बी वाईट हुतं, असं माज्याकडं बघून म्हना. जमतंय का बगू."

मी उभा राहिलो. घसा साफ केला. या आवाजाने मी सभा गाजवल्या आहेत, राजांना विष पाजलं आहे, सख्ख्या भावांना तुरुंगात टाकलं आहे. "धोंडीबाचं बी..." म्हणालो. पुढे येईना. त्या नुसत्या बघत होत्या, रागाने नव्हे, चुलीवरचं दूध उतू जातंय का ते बघावं तशा. पुन्हा प्रयत्न केला. "धोंडीबाचं..." आणि खाली बसलो.

"त्यो कागद द्या हिकडं," त्या म्हणाल्या. "बी वाळवाया लागतोय."

"कसलं बी? सगळं तर काहिलीत..."

तेव्हा त्यांनी खोपीतून एक गाठोडं आणून माझ्यापुढे ठेवलं. निम्मं बी. कोरडं, तुकतुकीत, कडक. काहिलीत किती पडलं ते मी बघितलंच नव्हतं, मी भाषण करत होतो. मी म्हणालो, "हे तुम्ही बाजूला का ठेवलंत?"

"साहेब नवा हुता. नव्या साहेबाच्या हातात समदं बी कवा देत न्हाई मी."

"अहो, मग मी उकडतोय हे सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी सांगत हुता, आमी ऐकत हुतो. फोडनीचं मातूर मी इचारलं हुतं."

दुसऱ्या दिवशी त्या घरून डोक्यावर पाटा घेऊन आल्या. नुकतीच टाकी लावलेला, खरबरीत. झाडाखाली मांडला, दोन बायांना आणि मला भोवती बसवलं. साहेबाला मोडकी खुर्ची सोडून जमिनीवर बसवणारी ती पहिली व्यक्ती. एक बी चिमटीत धरून त्यांनी दाखवलं. बीला एका टोकाला बारीक ठिपका असतो, शेंगेला जिथं ते धरून होतं तिथला. "ह्यो डोळा. डोळा वर धरायचा, त्येला धका लावायचा न्हाई. हितनंच त्यो बाहेर येनार हाय. पाठीवर घासायचं. पांढरं दिसलं की थांबा. पिवळं दिसलं की मेलं." बास. एवढंच. मी घासलेलं पहिलं बी पिवळं झालं, दुसरंही. तिसऱ्याला माझ्या अंगठ्याचं साल निघालं आणि बी जसंच्या तसं राहिलं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीने माझं नाव 'काहीलसाहेब' ठेवलं, ते अजून आहे.

मी विचारलं, हे कुणी शिकवलं? तर म्हणाल्या, "शेळीनं." मला वाटलं चेष्टा आहे. पण लहानपणी त्या शेळ्या राखायच्या, आणि बाभळीखाली पडलेलं बी वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, शेळीच्या लेंडीतून पडलेलं मात्र चार दिवसांत उगवतं, हे त्यांनी बघून ठेवलं होतं. "मंग इचार केला, शेळी पोटात जे करती ते आपन दगडावर करावं. शेळीला पोटात दात न्हाईत, तरी ती बीला सोलून टाकत न्हाई, नुसती वाट करून देती." कवच हे बीचं शत्रू नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं. पाऊस एकदा पडून गेला म्हणून लगेच फसायचं नाही, आतलं हिरवं एवढंसं आहे ते जपायचं, यासाठी ते असतं. ते उकडून काढायचं नसतं, फोडायचंही नसतं. एका जागी, डोळा सांभाळून, पाणी शिरेल इतकंच पातळ करायचं.

तीन दिवस आम्ही घासत होतो. संध्याकाळी बी थंड पाण्यात टाकायचं, सकाळी फुगलेलं पिशवीत पेरायचं, न फुगलेलं परत पाट्यावर. दुसऱ्यांदा घासूनही जे फुगलं नाही ते त्यांनी वाळवून एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं. मी घाईघाईने तिसऱ्यांदा घासायला घेतलं तर माझ्या हातातून काढून घेतलं. "दोनदा हाक मारली. आता त्येच्या मनावर."

नवव्या दिवशी पहिलं रोप उगवलं, आणि त्याने डोक्यावर टोपी घातली होती! दोन पानांची जुडी मातीतून वर आली ती स्वतःचं कवच डोक्यावर घेऊनच. मग दहा, मग शंभर, मग जिकडेतिकडे तपकिरी टोपीवाले. मी आनंदाने वेडा होऊन एकेकाची टोपी काढायला लागलो, तर मागून आवाज आला, "साहेब, हात बाजूला! त्येची त्यो काडंल." तीन रोपांची पानं मी टोपीसकट उपटली होती. तीही त्यांनी माझ्या नावावर मांडली.

चेअरमन आले. निम्म्या पिशव्यांत रोपं डुलत होती, निम्म्यांत नुसती माती. ते त्या मातीपुढे थांबले. "आणि हे काय?" माझ्यामागे अनुसाबाई झारी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. धोंडीबाचं नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं, खोटं नाही सांगत. मग मी म्हणालो, "साहेब, ते बी मी उकडलं. गुऱ्हाळाच्या काहिलीत. अर्धा तास."

चेअरमननी चष्मा काढला. "काहिलीत?" त्यांनी अनुसाबाईंकडे वळून विचारलं, "बाई, तुमी काय करत हुता मंग?"

"मी इचारलं हुतं, फोडनी देऊ का म्हून. साहेब नगं म्हनले."

चेअरमन इतके हसले की त्यांना त्याच मोडक्या खुर्चीवर बसवावं लागलं, आणि ती खुर्ची त्या दिवशी पुरतीच मोडली. नोकरी राहिली. कच्च्या नोकरीचे सहा महिने मात्र वाढले, ते मी हक्काचे समजतो. पुढच्या फाल्गुनात धोंडीबा नेहमीसारखा डोंगरातून पिशव्या घेऊन उतरला, माझ्या हातचा चहा प्यायला, साहेब लय मायाळू हाय म्हणाला. अनुसाबाई पाठमोऱ्या होऊन वाफा सारखा करत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

एकदाच त्या माझं नाटक बघायला सांगलीला आल्या. सुजाताने आणलं, पहिल्या रांगेत बसवलं. दुसऱ्या अंकात मला निरपराध दिवाणजींवर खोटा आळ घ्यायचा होता. मी हात उंचावला, पुढे झालो, आणि समोर अनुसाबाई. तीच नजर, दूध उतू जातंय का बघणारी. वाक्य गेलं... पार गेलं. विंगेतून वाक्यं सांगणारा घसा फोडून सांगत होता, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं, मलाच ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून मोठ्याने आवाज आला, "म्हना की साहेब, म्हना! हितं चालतंय!"

हशा-टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं. मला आयुष्यात मिळालेली सगळ्यात मोठी टाळी ती, आणि ती माझी नव्हतीच.

या ठिकाणी असं लिहायची पद्धत आहे की बाई वरून टणक होत्या आणि आतून मऊ. तसं काही नव्हतं. त्या आतूनही टणकच होत्या, मऊपणा त्यांना फक्त मातीत चालायचा. पण माझ्यासारख्या माणसाला कुठे आणि किती घासायचं, हे त्यांना नेमकं माहीत होतं. त्यांनी मला एकदाही लाजवलं नाही. पांढरं दिसलं की थांबायच्या.

शेवटची भेट या उन्हाळ्यातली. त्या आजारी होत्या, साताऱ्यात सुजाताकडे. ती तिथे नर्स आहे. कालव्याच्या रस्त्यावरच्या दोन-चार बहाव्यांना यंदा पहिल्यांदा फुलं आली होती. मी एक घोस रुमालात गुंडाळून, गाडीभर सांभाळत नेला आणि नाटकी झुकून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "तोडलासा कशाला? तिथंच बगितला असता की मी." दोघांनाही माहीत होतं की त्या तिथं येणार नव्हत्या. मी निघालो तेव्हा घोस त्यांच्या उशाशी पाण्यात ठेवलेला होता.

पंधरा दिवसांपूर्वी सुजाता सांगलीला आली आणि पिशवीतून तो पत्र्याचा डबा काढून माझ्या हातात दिला. "आई म्हणाली होती, काहीलसाहेबाला दे. उकडू नको म्हणावं." डबा वाजवला. दोनदा हाक मारूनही न उठलेल्या सगळ्या बिया त्यात होत्या. दर पाडव्याला अनुसाबाई त्या पाण्यात घालायच्या, फुगतील तेवढ्या पेरायच्या, बाकीच्या वाळवून परत ठेवायच्या. यंदाच्या पाडव्याला त्या साताऱ्यात होत्या, तेवढं राहून गेलं होतं. मी बी ताटात ओतलं. डब्याच्या तळाला घडी घातलेला एक कागद होता. पिवळा पडलेला, पण अक्षर सुंदर. बियाणे मुळातच जुने व निकस होते. खाली माझी सही. साक्षीदाराची रेघ मोकळी.

सात वर्षं त्या कागदावर बी वाळत होतं. मला वाटत होतं, तो कधीच मुंग्यांनी खाल्ला असेल.

संध्याकाळी मी बी भिजत घातलं. थंड पाण्यात. सकाळी बघितलं तर पाच बिया फुगल्या होत्या, त्या गॅलरीतल्या डब्यांत पेरल्या आहेत. बाकीच्या तशाच कडक. मी तिसऱ्यांदा घासल्या नाहीत. त्याच कागदावर उन्हात वाळवल्या, कागदाची घडी तळाला ठेवली, वर बी ओतलं आणि झाकण लावलं. काल पाचांपैकी एक वर आलंय, टोपी घालून. मी हात पाठीमागे बांधून समोर बसलो आहे.